प्लेटलेट्सचा आकडा कसा वाचावा

गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये संध्याकाळी गेलात, तर काउंटरवर एकच प्रश्न सारखा ऐकू येतो : ‘प्लेटलेट्स किती आल्या?’ ताप कशाचा आहे, रुग्ण पाणी पितो का, सकाळपासून लघवी किती वेळा झाली, हे प्रश्न मागे पडतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्तगटासह निरोप फिरू लागतात आणि नातेवाईक रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतात. या धावपळीतली माया खरी असते, म्हणूनच ती वाया गेलेली पाहवत नाही. आकड्याकडे डोळे लावून बसलेल्या घरात कधीकधी रुग्णाचे थंड पडलेले हातपाय कोणाच्या लक्षात येत नाहीत. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तापाची साथ येण्याआधी घरातल्या निदान एका माणसाला नीट ठाऊक असायला हवे.

प्लेटलेट ही धड पेशीसुद्धा नाही. तिला केंद्रक नसते, आकार जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटर. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात. त्यांच्या अंगाचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्याच प्लेटलेट्स. एका मेगाकॅरिओसाइटपासून हजाराच्या वर प्लेटलेट्स तयार होतात. त्यांचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे, त्यामुळे शरीराला रोज सुमारे १०,००० कोटी नव्या प्लेटलेट्स घडवाव्या लागतात. साधारण एक तृतीयांश साठा पानथरीत म्हणजे प्लीहेत असतो, बाकीचा रक्तातून फिरतो. इटलीत तुरीन येथे जुलिओ बिझ्झोझेरो यांनी जिवंत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. वाहिनीला इजा झाली की हे कण तिथे येऊन चिकटतात आणि एकमेकांना धरून भोक बुजवतात, हे त्यांनी १८८२ मध्ये मांडले. हे कण मेगाकॅरिओसाइटपासून येतात, हे बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखवले.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. रिपोर्टवर १,३०,००० दिसले आणि शेजारी ‘कमी’ अशी खूण असली की घरात घबराट होते. खरे तर निसर्गाने हा साठा गरजेच्या कितीतरी पट ठेवला आहे. ५०,००० च्या वर काउंट असेल आणि प्लेटलेट्स नीट काम करत असतील, तर बहुतेक शस्त्रक्रियासुद्धा करता येतात. मेंदूच्या किंवा डोळ्याच्या आतल्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सर्जन लाखाच्या आसपासचा काउंट मागतात. ५०,००० च्या खाली मार लागला तर रक्त जास्त वाहते. काही इजा नसताना आपोआप मोठा रक्तस्राव होण्याची भीती सहसा १०,००० च्या खाली सुरू होते. या पायऱ्या ढोबळ आहेत. ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाचा काउंट दोन लाख असूनही रक्त लवकर थांबत नाही, कारण गोळीने प्लेटलेट्स निकामी केलेल्या असतात. उलट काही आजारांत १५,००० काउंट असलेला माणूस हिंडत-फिरत डॉक्टरांसमोर येतो.

म्हणून आकड्याच्या आधी अंग पाहावे. प्लेटलेट्स खरोखर अपुऱ्या पडल्या की पायांवर, नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. ते खाजत नाहीत आणि बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. पुरळ आणि हे ठिपके यांतला फरक घरीच असा कळतो. न आपटता काळेनिळे डाग पडतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, घोळणा फुटतो आणि लवकर थांबत नाही, बायकांना पाळीत फार अंगावरून जाते. तोंडाच्या आत, गालांवर किंवा जिभेवर रक्ताचे फोड दिसले तर ते त्वचेवरच्या ठिपक्यांपेक्षा गंभीर समजावे. डांबरासारखी काळी शौचास होणे, लघवीत रक्त, अचानक असह्य डोकेदुखी, बोलणे अडखळणे किंवा गुंगी यांपैकी काहीही झाले तर रिपोर्टची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावे.

अंगावर एकही खूण नाही आणि आकडा मात्र एकदम २०,००० आला, तर आधी वेगळीच शंका घ्यावी : आकडा खरा आहे ना? सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी, रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए हे रसायन असते. काही माणसांच्या रक्तात या रसायनाच्या संगतीने प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून पुंजके करतात. यंत्र त्या पुंजक्यांना प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. माणूस ठणठणीत, शरीरातल्या प्लेटलेट्स पुरेशा, आणि कागदावर मात्र भयंकर आकडा. दुसरी गोष्ट आकाराची. बंगाल आणि ईशान्य भारतातल्या अनेक निरोगी लोकांत जन्मतःच प्लेटलेट्स संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात. मोठ्या प्लेटलेट्स यंत्राच्या मोजणीतून निसटतात, त्यामुळे काउंट आहे त्याहूनही कमी दिसतो. दोन्ही वेळा उपाय साधा असतो. पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर रक्ताचा थर, म्हणजे स्मिअर, पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहायचा आणि गरज पडली तर सायट्रेट असलेल्या निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचे. अनपेक्षित कमी काउंट आला की ‘स्मिअर पाहिला का?’ एवढा प्रश्न लॅबला विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. आज एका लॅबचा आणि उद्या दुसऱ्या लॅबचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. यंत्रागणिक थोडाफार फरक पडतोच, आणि खालच्या आकड्यांत तो उगाच मोठा वाटतो.

आता डेंग्यूकडे येऊ, कारण आपल्याकडे प्लेटलेट्सची भीती घराघरांत पोचवली ती याच तापाने.

डेंग्यूत काउंट उतरण्याची कारणे एकाहून जास्त आहेत. विषाणू अस्थिमज्जेचे काम काही दिवस मंदावतो. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये प्लेटलेट्सनाही जाऊन चिकटतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते आणि तिथे त्या खर्ची पडतात. तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आकडा घसरू लागतो, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास तळाला जातो आणि मग, बहुसंख्य रुग्णांत, काहीही न देता आपला आपण वर चढतो. अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागली की दोन-तीन दिवसांत तो दुपटी-तिपटीने वाढतो. त्या दिवसांत जे काही पाजले असेल, त्याला मग श्रेय मिळते.

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्या पाझरू लागल्यामुळे. नवा माठ बाहेरून ओलसर होतो तसा रक्तातला पातळ द्रव वाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून पोटाच्या आणि फुप्फुसांभोवतीच्या पोकळीत साठतो, आणि वाहिन्यांच्या आत उरलेले रक्त घट्ट होत जाते. हा पाझर सहसा ताप उतरू लागतो तेव्हा, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. सगळ्यांत फसवी वेळ हीच. घरचे म्हणतात, ताप गेला, सुटलो. त्याच दिवशी रक्तदाब घसरू शकतो. याची चाहूल प्लेटलेट्सच्या आकड्याआधी सीबीसीच्या दुसऱ्याच ओळीत मिळते. तिचे नाव हिमॅटोक्रिट, काही लॅब तिला पीसीव्ही म्हणतात. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के, हे ती सांगते. रक्त घट्ट झाले की हा आकडा चढतो. प्लेटलेट्स झपाट्याने घसरत आहेत आणि हिमॅटोक्रिट त्याच वेळी चढत आहे, ही जोडी दिसली की डॉक्टर सावध होतात. नुसत्या घसरणाऱ्या प्लेटलेट्स, हिमॅटोक्रिट स्थिर, रुग्ण हुशार, लघवी व्यवस्थित, असे असेल तर ४०,००० चा काउंटही शांतपणे पाहता येतो.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने काय पाहावे, हे सांगायला यंत्र लागत नाही. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती किंवा उलट अस्वस्थ तगमग, उठल्यावर चक्कर, थंड आणि चिकट हातपाय, चार-सहा तासांत लघवीच न होणे : यांतले एक जरी दिसले तरी घरी थांबू नये. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस, मधुमेहाचा किंवा किडनीचा रुग्ण यांच्या बाबतीत तर उंबरठा आणखी खाली ठेवावा. बाकीच्यांना घरी झोपवून तोंडाने भरपूर द्रव देणे हाच मुख्य उपचार : ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी, भाताची निवळ, जे घशाखाली उतरेल ते. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या अंगदुखीच्या गोळ्या प्लेटलेट्सचे उरलेसुरले काम बिघडवतात आणि पोटात रक्तस्राव घडवू शकतात. ‘अंग फार ठणकतंय, एक इंजेक्शन मारा’ असा आग्रह धरू नये. कमी काउंटमध्ये स्नायूत मारलेल्या इंजेक्शनच्या जागी रक्त साकळते. आणि सलाईन जास्त चढवले म्हणजे जास्त बरे, असेही नाही. पाझर थांबला की बाहेर गेलेला द्रव आपणहून वाहिन्यांत परततो. त्या वेळी सलाईन चालूच राहिले तर फुप्फुसांत पाणी होऊन श्वास अडतो.

मग प्लेटलेट्स चढवाव्यात केव्हा? रक्तस्राव होत नसलेल्या रुग्णाला केवळ आकडा कमी म्हणून त्या दिल्यास फायदा होतो का, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या हॉस्पिटलांनी मिळून तपासले. काउंट २०,००० किंवा त्याहून कमी असलेले ३७२ प्रौढ डेंग्यू रुग्ण चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला प्लेटलेट्स दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला : रक्तस्राव टाळण्यात दोन्ही गटांत फरक पडला नाही, उलट प्लेटलेट्स दिलेल्या गटात त्रासदायक प्रतिक्रिया जास्त झाल्या. यात नवल नाही. बाहेरून आलेल्या प्लेटलेट्सवरही तीच प्रतिद्रव्ये चिकटतात आणि त्या काही तासांत नाहीशा होतात. भारतातल्या सरकारी मार्गदर्शिकेनुसारही रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स देण्याचा विचार १०,००० च्या खाली करायचा असतो. खरा रक्तस्राव होत असेल तेव्हा मात्र त्या द्यायलाच हव्यात, आणि तिथे हात आखडू नये.

डॉक्टरांवर नातेवाइकांचा दबाव किती असतो, हे कोणत्याही नर्सिंग होमच्या कॉरिडॉरमध्ये दिसते. ‘पंचवीस हजार झाल्या तरी तुम्ही काहीच करत नाही!’ हे वाक्य ऐकून एखादी अनावश्यक पिशवी चढवली जाते, आणि त्याच रात्री ज्याला तिची खरी गरज असते, त्या रक्ताच्या कॅन्सरच्या मुलाला ती मिळत नाही. हे मला सगळ्यांत जास्त खटकते.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल विचारले जातेच. त्याच्या अर्कावर भारतात आणि मलेशियात लहान लहान चाचण्या झाल्या आहेत. काहींमध्ये आकडा थोडा लवकर चढलेला दिसला. पण त्याने रक्तस्राव, शॉक किंवा मृत्यू टळतो, असे सिद्ध झालेले नाही. आधीच मळमळणाऱ्या माणसाला तो कडू रस बळेच पाजून उलटी झाली, तर नफ्यापेक्षा तोटा मोठा. शेळीचे दूध साथीच्या दिवसांत सोन्याच्या भावाने विकले जाते. ते न उकळता प्यायल्याने ब्रुसेलोसिस नावाचा दुसराच चिवट ताप मागे लागू शकतो. किवी आणि ड्रॅगन फ्रूट परवडत असेल तर फळ म्हणून खुशाल खावे.

प्रत्येक उतरलेला काउंट डेंग्यूचा नसतो, आणि तसे गृहीत धरण्यात धोका आहे. मलेरियात प्लेटलेट्स हमखास उतरतात. तिथे औषध मलेरियाचे द्यायचे असते आणि ते दिले की काउंट आपोआप सुधारतो. पुराच्या पाण्यातून चालत गेलेल्या मुंबईकराला किंवा भातखाचरात राबणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि डोळे लाल झाले असतील, तर लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. विदर्भात पावसाळ्यानंतर स्क्रब टायफस येतो. काखेत, जांघेत कुठे करपल्यासारखी काळी खपली आहे का, हे कपडे काढून पाहावे लागते. या दोन्हींवर डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हायला हवे. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात गोचिडीमुळे होणारा माकडताप याच यादीत येतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात त्याचा विषाणू शोधला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. तो डेंग्यूसारखा पावसाळ्यात न येता हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, काजूच्या हंगामाच्या आसपास डोके काढतो. त्यामुळे ‘हे डेंग्यूचे दिवस नाहीत’ एवढ्यावर तिथे कोणी निर्धास्त राहू नये.

ताप नसताना काउंट कमी निघाला तर शोध वेगळ्या दिशेने जातो. आपल्याकडे सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत दुर्लक्षित कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ही उणीव किती पसरलेली आहे, ते वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे. शाकाहारी घरांत ती विशेष आढळते. ती तीव्र झाली की तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तिन्ही उतरतात. बी-१२ ची इंजेक्शने किंवा गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्त पूर्ववत होते. दारूने किंवा कावीळ-बी, कावीळ-सी ने लिव्हर कडक झाले असेल, तर पानथरी फुगते आणि प्लेटलेट्स अडकवून ठेवते. तिथे कमी काउंट ही लिव्हरच्या आजाराची पहिली सूचना असू शकते. फिटवरचे व्हॅल्प्रोएट, सल्फाची औषधे, लिनेझोलिड, क्विनिन यांनीही काउंट घसरतो, म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अनेकींचा काउंट लाखाच्या आसपास येतो आणि बाळंतपणानंतर आपोआप चढतो. मात्र त्याच वेळी रक्तदाब वाढला असेल, डोके दुखत असेल, पोटाच्या वरच्या उजव्या बाजूला कळ येत असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे.

इथे रिपोर्टच्या बाकीच्या ओळी फार उपयोगी पडतात. एकट्या प्लेटलेट्स कमी आणि बाकी सगळे छान, हे एक चित्र. हिमोग्लोबिनही उतरले आहे, पांढऱ्या पेशी फार कमी किंवा फार जास्त आहेत, स्मिअरमध्ये अपक्व पेशी दिसत आहेत, सोबत वजन घटते आहे किंवा मानेत गाठी आहेत, हे अगदी दुसरे चित्र. दुसऱ्यात अस्थिमज्जेची तपासणी लांबणीवर टाकू नये.

एकट्या प्लेटलेट्स कमी होण्याचा प्रसिद्ध आजार म्हणजे आयटीपी. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट्सना परके समजून नष्ट करते. हे कळले कसे, ती हकिकत वैद्यकाच्या इतिहासात विलक्षण धाडसाची आहे. अमेरिकेत सेंट लुइस शहरात विल्यम हॅरिंग्टन हा तरुण डॉक्टर होता. आजाराचे कारण रुग्णाच्या रक्तातच फिरते आहे, असा त्याला संशय होता. १९५० मध्ये त्याने आयटीपी असलेल्या एका बाईचे ५०० मिलीलीटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या, अंगावर डाग उठले, फिटही आली. काही दिवसांनी काउंट पूर्ववत झाला. त्याच्या अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट जागच्या जागी होत्या, म्हणजे उत्पादन चालू होते आणि नाश बाहेर होत होता. १९५१ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि माणसाचे शरीर स्वतःवरच उलटू शकते या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

मुलांमध्ये आयटीपी बहुधा सर्दी-तापासारख्या विषाणूसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो. आईवडील हादरतात, कारण मूल खेळते-बागडते असते आणि अंगभर डाग, काउंट १०,०००. पण यांतली बहुसंख्य मुले सहा महिन्यांत पूर्ण बरी होतात, आणि मोठा रक्तस्राव नसेल तर नुसते लक्ष ठेवणे हाही मान्य उपचार आहे. मोठ्या माणसांत तो अनेकदा वर्षानुवर्षे रेंगाळतो. तिथेही ३०,००० च्या वर काउंट आणि रक्तस्राव नाही, तर सहसा औषध लागत नाही. लागलेच तर आधी स्टेरॉइड, तातडीच्या वेळी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, पुढे रिटुक्सिमॅब किंवा अस्थिमज्जेला चालना देणाऱ्या एल्ट्रोम्बोपॅगसारख्या गोळ्या, आणि काहींना पानथरी काढण्याची शस्त्रक्रिया. स्टेरॉइड महिनोन्‌महिने घेऊन साखर, रक्तदाब आणि हाडे बिघडवून घेण्यापेक्षा ४०,००० वर समाधानाने जगणे शहाणपणाचे, हे रक्तविकारतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगतात. पण लॅबच्या कागदावरची ती ‘कमी’ची खूण रुग्णाला स्वस्थ बसू देत नाही. अशा रुग्णाने कबड्डी-कुस्तीसारखे खेळ टाळावेत, दात काढण्यापूर्वी डेंटिस्टला आजार सांगावा, मऊ ब्रश वापरावा, बाकी संसार, नोकरी, प्रवास नेहमीसारखा करावा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्याजोगा. टीटीपी या दुर्मीळ आजारात प्लेटलेट्स कमी होतात, कारण त्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करून अडकलेल्या असतात. सोबत हिमोग्लोबिन घसरते आणि गोंधळल्यासारखे वागणे, हातापायाची शक्ती जाणे अशी लक्षणे येऊ शकतात. इथे प्लेटलेट्स चढवणे सहसा टाळतात, कारण गुठळ्या वाढण्याची भीती असते. रुग्णाचा प्लाझ्मा यंत्राने बदलावा लागतो, आणि तोही तासांच्या हिशेबात.

ज्यांना प्लेटलेट्स खरोखर लागतात, त्यांच्यासाठी त्या मिळवणे सोपे नसते. रक्त महिनाभराहून जास्त टिकते. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये न ठेवता २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. एका रक्तदानातून निघालेल्या पिशवीने प्रौढाचा काउंट ५,००० ते १०,००० नी वाढतो. यंत्राने एकाच दात्याकडून घेतलेल्या एसडीपीने तो ३०,००० ते ५०,००० नी वाढतो. एसडीपी देताना दात्याच्या हातातून रक्त यंत्रात जाते, प्लेटलेट्स वेगळ्या होतात आणि बाकीचे रक्त परत येते. तास-दीड तास लागतो. दात्याचा स्वतःचा काउंट दीड लाखाच्या वर हवा आणि त्याने तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी. दिलेल्या प्लेटलेट्स काही दिवसांत भरून येतात. केमोथेरपीवरच्या मुलांना आठवड्याला दोन-तीनदाही त्या लागू शकतात, आणि ही गरज साथ ओसरल्यावरही, जानेवारीत आणि भर उन्हाळ्यातही असते. जवळच्या रक्तपेढीत एसडीपी दाता म्हणून नाव, रक्तगट आणि फोन नंबर नोंदवता येतो. नोंद असली की पेढी स्वतःच फोन करते.